रिपोर्टवरचा आकडा: रक्तातलं बी-१२ मोजायला माणूस कसा शिकला



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावणी झाली, आणि सूनबाईंनी घरातल्या सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. माझ्या कागदावर एका ओळीपुढे होतं: व्हिटॅमिन बी-१२, १८४ पिकोग्राम प्रति मिलिलिटर. शेजारी खाली तोंड केलेला बाण. सून म्हणाली, "आई, तुमचं बी-१२ कमी आलंय." मी म्हटलं, "कमी आलंय ते कळलं गं, पण हे मोजलं कसं?"

मी पडले कॉमर्सची. आकडा दिसला की त्याचं व्हाउचर कुठंय, असं विचारायची सवय लग्नाआधीपासूनची आहे. त्यात हा आकडा तर विलक्षणच. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्राम. माझ्या अंगातल्या रक्तात फिरणारं सगळं बी-१२ गोळा केलं, तरी ते साखरेच्या एका दाण्याच्या शंभराव्या भागाएवढंही भरणार नाही. इतकी बारीक गोष्ट कोणी आणि कशी पकडली? गेले दोन महिने हेच वाचत होते. ते सांगण्याआधी आमच्या सासूबाईंची गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्यासाठी हा विषय तिथून सुरू होतो.

आमच्या सासूबाई कडक नियमाच्या. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. चातुर्मासात एकाशन, अष्टमी-चतुर्दशीला उपवास, आणि गेल्या काही वर्षांत दूधही त्यांनी नियम घेऊन सोडलेलं. सत्तरीच्या आसपास त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मंदिरातून घरी येताना एका पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि त्यांना पत्ता नसायचा. मी मागे जाऊन शोधून आणायची. रोजचं पाठ असलेलं भक्तामर मध्येच अडायचं. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. रक्त वाढलं, चेहऱ्यावर तजेला आला. आम्ही खूष. पाय मात्र दिवसेंदिवस जड होत गेले. आम्ही म्हणालो, वय झालं. दीड वर्षानं दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांच्या घोट्याला कंप पावणारा धातूचा चिमटा टेकवला आणि विचारलं, "आजी, थरथर जाणवते का?" त्यांना काहीच जाणवत नव्हतं. रक्त मुंबईला गेलं, चौथ्या दिवशी आकडा आला: ९६.

त्या दीड वर्षात काय घडलं, ते मला हा इतिहास वाचल्यावर नीट कळलं.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये एका पंडुरोगाचं वर्णन छापलं. माणूस फिका पडत जायचा, थकत जायचा, आणि कारण सापडायच्या आत संपायचा. पुढची सत्तर वर्षं यावर उपाय नव्हता. या रोगाला नावच 'घातक पंडुरोग' अशा अर्थाचं पडलं. १९२६ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून बरं केल्याचं जाहीर केलं. त्याआधी जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. आपल्यासारख्यांना वाचताना अंगावर काटा येतो, हे खरं. पण माणसं मरायची थांबली, हेही खरं.

आता खरी अडचण पुढेच होती. यकृतातलं नेमकं काय गुणकारी आहे? ते शोधायचं तर यकृताच्या अर्काचे भाग करायचे आणि प्रत्येक भागात ते 'काहीतरी' किती आहे हे पाहायचं. पण पाहणार कसं? अर्कात ते डोळ्यांना वेगळं दिसत नाही, वजन करण्याइतकं ते नाही. त्या काळात मोजण्याचं एकच साधन होतं: आजारी माणूस. उपचार न झालेला रुग्ण शोधायचा, त्याला अर्क द्यायचा, आणि आठवड्याभरात त्याच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी वाढतात का ते मोजायचं. एकदा तो बरा झाला की पुढच्या अर्कासाठी नवा रुग्ण. बरं झालेल्या माणसावर पुन्हा तीच चाचणी करता यायची नाही. म्हणून १९२६ नंतर वीस वर्षं काम गोगलगाईच्या चालीनं चाललं.

याच काळातलं एक पान आपल्या मुंबईचं आहे. १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईत आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात असाच तीव्र पंडुरोग व्हायचा. ल्युसीबाईंनी त्यांचं खाणंपिणं तपासलं आणि शेवटी यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त चटणीवजा पदार्थानं त्या बायका बऱ्या होतात, हे १९३१ मध्ये दाखवलं. मार्माइटमधला तो पदार्थ म्हणजे आज आपण ज्याला फॉलिक ॲसिड म्हणतो तो. ते प्रयोगशाळेत बनवण्याचं काम पुढे १९४५ च्या सुमारास अमेरिकेत झालं, आणि त्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

फॉलिक ॲसिड हाती आल्यावर ॲडिसनच्या पंडुरोगालाही ते देऊन पाहिलं. रक्त वाढलं! सगळ्यांना वाटलं, सुटलं कोडं. पण काही महिन्यांत त्याच रुग्णांचे हातपाय बधिर व्हायला लागले, चाल बिघडली. रक्ताची तक्रार मिटली होती, मज्जातंतूंची आतून वाढत होती. म्हणजे दोन वेगळ्या कमतरता, आणि बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या. एकीचं औषध दुसरीला झाकून टाकतं. मैत्रिणींनो, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या आईंच्या रक्तवाढीच्या गोळ्यांत लोहाबरोबर फॉलिक ॲसिडच होतं. जमाखर्चात एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यातल्या रकमेनं झाकली तर ताळेबंद जुळतो, पण पेढी बुडायची थांबत नाही. तसंच ते.

तर, दोन्ही वेगवेगळी मोजता येणं ही गरज होती. वाट दाखवली मेरी शॉर्ब या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ बाईंनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या सरकारी दुग्धसंशोधन विभागात एक जंतू वाढवायचं काम करत. तो दह्याच्या विरजणातल्या जंतूंच्या कुळातला, लॅक्टोबॅसिलस लॅक्टिस डॉर्नर नावाचा. त्याच्या खुराकात यकृताचा अर्क घातला नाही तर तो वाढायचाच नाही. युद्ध संपलं, सैनिक परत आले आणि बाईंची नोकरी गेली. पण एक प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही: या जंतूला यकृतातलं जे लागतं, तेच पंडुरोग्याला लागत नसेल कशावरून? मेरीलँड विद्यापीठात जागा मिळवून आणि मर्क या औषध कंपनीचे सुरुवातीचे ४०० डॉलर घेऊन त्यांनी ते तपासलं. अंदाज खरा निघाला. जिथे रुग्णावर एका चाचणीला आठवडे लागत, तिथे आता काचेच्या नळीत उत्तर मिळू लागलं. १९४८ मध्ये मर्कच्या शास्त्रज्ञांनी लालभडक स्फटिक वेगळे केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोच्या लेस्टर स्मिथ यांच्या गटालाही ते मिळाले. हेच बी-१२. मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असलेली त्याची रचना डोरोथी हॉजकिन या बाईंनी १९५६ पर्यंत उलगडली आणि १९६४ चं नोबेल मिळवलं.

जंतू यकृताचा अर्क मोजू शकतो, तर माणसाचं रक्त का नाही? १९५० मध्ये इंग्लंडमध्ये जी. आय. एम. रॉस यांनी युग्लीना नावाच्या हिरव्या सूक्ष्म जिवाचा वापर करून रक्तद्रवातलं बी-१२ मोजण्याची पद्धत छापली. युग्लीनाला उजेडात ठेवून कित्येक दिवस वाट पाहावी लागे. मग लॅक्टोबॅसिलस लाइकमानी हा दुसरा जंतू जास्त प्रमाणात वापरात आला. तोही विरजणाच्या कुळातलाच.

पद्धत अगदी घरगुती वाटावी अशी आहे. जंतूला लागणारं सगळं अन्न नळीत घालायचं, फक्त बी-१२ वगळून. रुग्णाचा रक्तद्रव तापवून त्यातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ मोकळं करायचं आणि थोडंसं नळीत टाकायचं. मग जंतू सोडून नळी ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची, आपण दही लावतो तशी उबेला. रक्तात बी-१२ जितकं जास्त, तितके जंतू वाढतात आणि नळी तितकी गढूळ होते. सकाळी गढूळपणा यंत्रानं मोजायचा. शेजारच्या नळ्यांत आधीच माहीत असलेलं बी-१२ घातलेलं असतं, त्यांच्याशी ताडून आकडा काढायचा. संपलं.

यात खोटही एक होती. रुग्ण त्या दिवसांत अँटिबायोटिक घेत असेल, तर त्याच्या रक्तातलं औषध नळीतल्या जंतूंनाही मारायचं. नळी स्वच्छ राहायची आणि रिपोर्ट यायचा, 'बी-१२ फार कमी'. पुढे औषधाला दाद न देणारे जंतू वापरून हा दोष बराच दूर केला.

मला मात्र वेगळाच विचार आला. आपण पाणी गाळून पितो, रात्री जेवत नाही, ते ज्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या काळजीनं, त्याच जिवांनी माणसाला हे मोजायला शिकवलं. आणि बी-१२ बनवतात तेही तेच. ना झाड बनवतं, ना जनावर. फक्त काही सूक्ष्म जीव बनवतात. गाईच्या पोटातले जंतू ते करतात, म्हणून दुधात ते येतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. विरजणाच्या कुळातले हे दोन जंतू स्वतः बी-१२ चे भुकेले आहेत, म्हणूनच तर ते मोजायला उपयोगी पडले. तेव्हा दही लावलं की दुधातलं बी-१२ आपोआप वाढतं, असा हिशेब धरू नका.

जंतूंची पद्धत चांगली, पण किचकट आणि सावकाश. दरम्यान न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो या बाई आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास रक्तातलं इन्सुलिन मोजायची एक नवी युक्ती काढली होती, जिच्यासाठी यालोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते. त्याच विचारानं १९६१ मध्ये बी-१२ साठीही पद्धत निघाली.

युक्ती समजायला आपली पंगत आठवा. पाटांची संख्या ठरलेली. त्यावर बसायला दोन प्रकारची माणसं: एक रुग्णाच्या रक्तातलं साधं बी-१२, आणि दुसरं आपण घातलेलं, किरणोत्सारी कोबाल्टची खूण असलेलं. खुणेची माणसं किती आली हे आपल्याला माहीत आहे. पंगत बसल्यावर खुणेची किती जणं पाटावर आहेत ते मोजायचं. त्यातली पुष्कळ जणं बाहेर राहिली असतील, तर साध्यांची गर्दी मोठी होती, म्हणजे रक्तात बी-१२ भरपूर. एका दिवसात ढीगभर तपासण्या व्हायला लागल्या आणि जंतूंच्या नळ्या बहुतेक ठिकाणी अडगळीत गेल्या.

पण पाट कोणाचे वापरायचे? पोटात तयार होणारं एक प्रथिन बी-१२ ला, आणि जवळजवळ फक्त त्यालाच, बसू देतं. शरीर त्याच्याच मदतीनं अन्नातलं बी-१२ आत घेतं. दुसरं एक प्रथिन मिळायला सोपं, पण ते बी-१२ सारख्या दिसणाऱ्या तोतयांनाही पाट देतं. अनेक तयार किटमध्ये हे दुसरं प्रथिन मिसळलेलं होतं. १९७८ मध्ये अमेरिकेत कोलहाऊस, ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की माणसाच्या रक्तात असे तोतये असतात, आणि त्यांच्यामुळे खरोखर कमतरता असलेल्या रुग्णांचेही रिपोर्ट 'नॉर्मल' येत होते. कल्पना करा, पाय बधिर होत चाललेल्या किती माणसांना, "तुमचं बी-१२ ठीक आहे," असं सांगून घरी पाठवलं गेलं असेल! त्यानंतर किट बदलले, शुद्ध केलेलं पहिलं प्रथिन वापरायला लागले. चूक मोठी होती. पण ज्यांनी ती शोधली त्यांनी झाकली नाही, छापली. मला यात प्रतिक्रमणाचा गुण दिसतो.

तोतयांची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. स्पिरुलिनाच्या गोळ्या शाकाहारी बी-१२ म्हणून आपल्यात पुष्कळ जणी घेतात. जंतूंच्या पद्धतीनं मोजलं तर त्यात बी-१२ भरपूर दिसतं. पण त्यातलं बहुतेक तोतया आहे, हे पुढच्या संशोधनात कळलं. जंतूला ते चालतं, माणसाच्या शरीराला चालत नाही. डब्यावरचा आकडा खोटा नसेलही, पण तो आपल्या कामाचा नाही.

आजच्या प्रयोगशाळेत तीच पंगत आहे, फक्त किरणोत्सारी खुणेच्या जागी प्रकाश देणारी रसायनं आली आणि सगळं काम यंत्र करतं. खोटी अजून आहेत. केसांसाठी मोठ्या मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर काही यंत्रांत आकडा चुकून वाढलेला दिसू शकतो. तेव्हा रक्त देताना सांगून टाका. शिवाय रक्तातल्या बी-१२ चा मोठा हिस्सा अशा प्रथिनाला बांधलेला असतो, जे ते पेशींना पोचवतच नाही. म्हणून आकडा काठावर असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासायला सांगतात. बी-१२ अभावी पेशींचं काम अडलं की हे दोन्ही रक्तात साचतात. एक चाचणी तिजोरीत किती आहे ते सांगते, दुसरी बाजारात देणी थकलीत का ते सांगते. एकाच बाजूनं पाहून निकाल देऊ नये, हे अनेकांतवाद मानणाऱ्या घरात वेगळं सांगायला नको.

शेवटचं पान पुण्याचं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं आणि निष्कर्ष २००६ मध्ये छापला. ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं, आणि सर्वांत जास्त प्रमाण खेड्यात किंवा झोपडपट्टीत नव्हे, तर शहरी मध्यमवर्गात होतं. याच गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यांचं बी-१२ मोजलं ते लॅक्टोबॅसिलस लाइकमानीनंच. म्हणजे अडगळीत गेलेला तो जंतू पुण्यात कामावर होता! २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की गरोदरपणी ज्या मातांमध्ये फॉलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. एक खातं भरलेलं आणि दुसरं रिकामं, ही तीच जुनी गोष्ट, आता पुढच्या पिढीच्या अंगावर.

तर घरात काय करायचं? आपला आहार सोडायची काही गरज नाही. दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रामची. दूध घेत असाल तर एका पेल्यात साधारण एक मायक्रोग्राम मिळतं. ज्यांनी दूध सोडलंय, ज्यांची पन्नाशी उलटली आहे, ज्या मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, आणि घरात ज्या लेकीसुना गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावं. औषधातलं बी-१२ आज जंतूंच्या आंबवण्यातून बनतं, यकृतातून नाही. फक्त कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून साधी गोळी मागून घ्यावी. माझ्या गोळ्या चालू झाल्या आहेत.

आमच्या आईंना इंजेक्शनं दिली. मुंग्या कमी झाल्या, चाल सुधारली, भक्तामर पुन्हा सलग म्हणू लागल्या. तळपायाचा बधिरपणा मात्र शेवटपर्यंत राहिला. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला होता."

एकदा चप्पल शोधायला मला तिसऱ्यांदा मागे जावं लागलं, तेव्हा मी त्यांना म्हणाले होते, "आई, जरा लक्ष ठेवून चालत जा ना." त्या काही बोलल्या नाहीत, खाली पायाकडे पाहत राहिल्या. त्यांचं लक्ष होतं. पायच सांगत नव्हता. या क्षमावणीला मी सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणाले, आणि मग त्यांच्या तसबिरीपुढे थोडा वेळ बसले.

जय जिनेंद्र.